चिडीचूप साहेबांचा पहिला नंबर

झोपेची परीक्षा आहे म्हटल्यावर साहेबांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, की ती पहिल्या वर्गात पास व्हायचीच. (पेपरला नुसतं झोपायचं होतं. इतका सोपा पेपर त्यांना उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता.) पुढचा सगळा घोळ या एका निर्णयाचा.

साहेब म्हणजे एका मोठ्या वाचनालयाच्या अभ्यासिकेचे प्रमुख. त्यांचं खरं नाव सगळे विसरले होते. वाचक त्यांना चिडीचूप साहेब म्हणत, अर्थात पाठीमागे आणि दबक्या आवाजात. कुणी पान जरा जोरात उलटलं, की टेबलामागून लगेच "श्शऽऽ!" यायचं. शिंक आली तर लोक बाहेर जाऊन शिंकून येत. टेबलाच्या वर भिंतीवर साहेबांनी स्वतः रंगवलेली दोन ओळींची पाटी होती : 'शांतता पाळा. येथे झोपण्यास सक्त मनाई आहे.'

अडचण इतकीच, की दुपारचं जेवण झालं की त्या पाटीखाली साहेब स्वतःच झोपत. आधी डोळे जड व्हायचे, मग हनुवटी छातीला टेकायची, आणि मग जे घोरणं सुरू व्हायचं त्यानं कपाटांच्या काचा थरथरायच्या. उठवायची कुणाची छाती नव्हती. पंख्याखाली बसून रोज तेच वर्तमानपत्र वाचणारे पेन्शनर आजोबा एकदा धीर करून म्हणाले होते, "साहेब, डुलकी लागली वाटतं?"

"मी डोळे मिटून विचार करत होतो," साहेब म्हणाले. त्यानंतर कुणी विचारलं नाही.

आता हे झोपेचं प्रकरण निघालं रक्तदाबावरून. साहेबांचा रक्तदाब काही केल्या उतरेना. एक गोळी झाली, दोन झाल्या, तिसरी आली. मीठ गेलं. सकाळचं फिरणं आलं. रागावणंही त्यांनी सोडून पाहिलं, पण शांत बसलेले साहेब बघून बायकोच इतकी घाबरली, की ते पुन्हा सुरू करावं लागलं. शेवटी ती त्यांना हाताला धरून हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. साहेबांकडे बघून गालात हसल्या.

"ओळखलं नाहीत ना मला? तुमच्या अभ्यासिकेत परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तकावर डोकं टेकलं होतं मी. तुम्ही टेबलावर पट्टी आपटून मला बाहेर काढलंत."

"मग पास झालात ना?"

"झाले."

"बघा!" साहेब म्हणाले.

बाईंनी तो विषय सोडून दिला. "रात्री घोरता का?"

"मुळीच नाही," साहेब म्हणाले. शेजारी बायकोला जोराचा ठसका लागला.

"काकू, घोरता घोरता मध्येच एकदम शांत होतात का?"

"होतात की! बराच वेळ."

"ऐकलंत?" साहेब खूश झाले. "म्हणजे मी काही सलग घोरत नाही."

"साहेब, तेव्हा घोरणं नाही, श्वास थांबतो तुमचा," बाई म्हणाल्या. "झोपेत घसा मिटतो, हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरला, की मेंदू घरात आग लागल्यासारखा ओरडत सुटतो. हृदय धडधडतं, रक्तदाब वर चढतो, तुम्ही अर्धवट जागे होऊन श्वास घेता आणि परत झोपता. परत तेच. अशी रात्रभर पळापळ. गोळ्यांनी खाली आणायचं आणि घशानं वर चढवायचं, असं चाललंय तुमचं. हे असंच राहिलं तर एक दिवस हृदयाची लय बिघडेल, झटकाही येऊ शकतो."

साहेबांच्या बायकोचा चेहरा पार उतरला. साहेब मात्र म्हणाले, "पण हे सिद्ध कुठं झालंय?"

सिद्ध करायला बाईंनी एक छोटं यंत्र दिलं. छातीला पट्टा, नाकाखाली नळी, बोटाला चिमटा. ते लावून घरीच झोपायचं, सकाळी परत करायचं. हीच ती परीक्षा. साहेबांनी त्या संध्याकाळी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला (यंत्रावर आपली छाप पडावी म्हणून) आणि वेळेत झोपले.

निकाल आला : त्रास अगदी किरकोळ.

"पास!" साहेबांनी घर डोक्यावर घेतलं. बायकोचाही जीव भांड्यात पडला, पण चेहऱ्यावरची शंका जाईना. "नीट बघितलंय ना त्यांनी?" ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

"यंत्र खोटं बोलत नाही," साहेब म्हणाले आणि पास झाल्याच्या आनंदात तिसरी गोळी त्यांनी स्वतःच बंद करून टाकली. कुणाला न विचारता. बायकोला तर मुळीच नाही.

मग व्हायचं तेच झालं. दुपारी साहेब पाटीखाली नेहमीप्रमाणे विचार करायला लागले. काचा थरथरल्या. आणि एकाएकी आवाज बंद. अभ्यासिकेत इतकी शांतता पसरली, की सगळ्यांनी पुस्तकातून डोकी वर काढली. आजोबा उठून उभे राहिले. तेवढ्यात साहेबांनी बुडणाऱ्या माणसासारखा मोठ्ठा श्वास घेतला, दचकून मागे गेले, आणि खुर्चीसकट कपाटावर आदळले. वरचे जाडजूड शब्दकोश एकेक करून त्यांच्या अंगावर उतरले. छाती अशी धडधडत होती, की साहेबांना वाटलं, आटोपलं आपलं. "हिला बोलवा," एवढंच ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी हृदयाचा आलेख काढला. झटका नव्हता. पण रक्तदाब बघून त्यांनी साहेबांना असं काही फैलावर घेतलं, की तिसऱ्या गोळीचं गुपित आपोआप बाहेर पडलं. बायकोनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. त्यापेक्षा शब्दकोश बरे होते.

"पण मला तुमचा तो निकालच पटलेला नाही," बाई म्हणाल्या. "काकू, यंत्र लावलं त्या रात्री तुम्ही कुठं झोपला होतात?"

"यांच्या शेजारी. झोपले कसली, नुसती पडले होते."

"आणि यांचा श्वास थांबला तेव्हा?"

"थांबू दिला तर ना! आवाज बंद झाला रे झाला, की मी कोपर मारते. रोजचंच आहे ते."

बाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे साहेब पास झाले ते तुमच्या कोपरामुळे!"

साहेबांच्या डाव्या बरगडीत कित्येक वर्षं एक कळ होती. ती हृदयाचीच, अशी त्यांची खात्री होती. त्यावर त्यांनी किती मलमं चोळली होती! "अगं, मला वाटायचं, तू घोरण्याबद्दल मारतेस."

"घोरता तेव्हा मला बरं वाटतं हो," ती म्हणाली. "घोरताय म्हणजे आहात. आवाज थांबला की परत येईपर्यंत मी कान लावून पडते. डोळ्याला डोळा लागत नाही." आणि इतका वेळ धीरानं बसलेली ती पदरात तोंड लपवून रडायला लागली. आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांना त्या कळेबद्दल माया वाटली.

परीक्षा पुन्हा झाली. या खेपेला बायकोला बहिणीकडे पाठवलं होतं. निकाल बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साहेब, माझ्या आजवरच्या पेशंटांत तुमचा पहिला नंबर." पहिला नंबर ऐकून साहेब सवयीनं 'आभारी आहे' म्हणून गेले.

मग घरी मास्क आला. नाकावर तो चढवायचा, यंत्र हवा फुंकतं, घसा उघडा राहतो. मास्क लावलेल्या साहेबांना बघून बायको खूप दिवसांनी पोट धरधरून हसली. काही आठवड्यांत रक्तदाब उतरला, आणि तिसरी गोळी बाईंनी स्वतः बंद केली. दुपारी साहेब टक्क जागे राहू लागले. (अभ्यासिकेत हळहळ पसरली. आता दुपारीही शिंकायला बाहेर जावं लागे.)

बायको मात्र अजून जागीच होती. यंत्रामुळे खोली चिडीचूप झाली, आणि चिडीचूप म्हटलं की तिचं कोपर आपोआप उठायचं.

एकदा साहेब जेवणाचा डबा घरीच विसरले. तो द्यायला ती अभ्यासिकेत आली आणि साहेबांचं काम उरकेपर्यंत आजोबांशेजारी पंख्याखाली टेकली. समोर नवरा डोळे उघडे ठेवून, श्वास घेत, चांगला जिवंत दिसत होता. बघता बघता तिची मान कलली. मग हलक्या आवाजात घोरणं सुरू झालं.

साहेबांनी पाटीकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. नियम सगळ्यांना सारखा. ते उठवायला म्हणून निघाले, तशी खुर्ची करकरली आणि चपला वाजल्या.

"श्शऽऽ!" अख्खी अभ्यासिका एका सुरात म्हणाली.

आजोबांनी वर्तमानपत्रातून डोकं काढून पाटीकडे बोट दाखवलं. "पहिली ओळ वाचा, साहेब."

साहेबांनी चपला काढून हातात घेतल्या आणि चवड्यांवर चालत जागेवर परत गेले.