डबा सापडला

नवरा रविवारी घरात बसू शकत नसे. बसला तरी त्याचा एक पाय बसत नसे. त्याला डबे शोधायचा छंद होता. कोणीतरी कुठेतरी डबा लपवतं, जागेची खूण फोनवर टाकतं आणि बाकीचे भरल्या घरातून उठून तो शोधायला जातात. सापडला की आतली एखादी वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची आणि चिठ्ठीवर टोपणनाव लिहून यायचं. नवऱ्याला अजून एकही डबा सापडला नव्हता. टोपणनाव मात्र तयार होतं: रानमांजर.

शेवटी बायकोने अट घातली. आज बेटावरचा डबा मिळाला तर रविवार त्याचे. नाही मिळाला तर यापुढे दर रविवारी तिच्या मामांकडे पत्ते खेळायला. मामा प्रत्येक पानाला थुंकी लावून पत्ते वाटत आणि डाव लांबला की मूतखड्याची गोष्ट पहिल्यापासून सांगत.

नावेतून बेटावर उतरताच बायको झाडाखाली आडवी झाली, नावाडी दोराचा गुंता सोडवत बसला आणि नवरा फोन समोर धरून धावत सुटला. फोनमधला बाण पुढे म्हणे. पुढे गेलं की मागे म्हणे. एकाच खडकाभोवती तो इतका फिरला की तिथले खेकडे कंटाळून दुसरीकडे राहायला गेले. आणि मग कपारीत, सावलीला, फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा दिसला.

त्याने फडकं सोडून झाकण उघडलं. आत जेवण होतं. कोमट.

दुसऱ्या कुणालाही शंका आली असती. नवऱ्याला संताप आला. डब्यात खायच्या वस्तू ठेवायच्या नाहीत, हा या छंदातला अगदी प्राथमिक नियम. लोकांना शिस्त म्हणून नाही, असं पुटपुटत त्याने जेवण पक्ष्यांना घातलं, डबा समुद्रात विसळला, आत रबराचं बदक ठेवलं. चिठ्ठीही नव्हती, ती त्यानेच लिहिली: ‘अखेर सापडलास. तुझ्यापायी किती रविवार घालवले. तुझ्यातलं जुनं सगळं काढून टाकलंय. आता माझी आठवण तेवढी जप. रानमांजर.’

डबा सापडल्याचं ऐकून बायकोने डोळे न उघडताच रविवार देऊन टाकले.

निघण्याआधी नावाडी दोन घास खाऊन येतो म्हणून खडकामागे गेला. परतला तो डबा छातीशी धरून. बेटावर एक बाई आहे, ती सापडल्याशिवाय नाव हलणार नाही, असं त्याने जाहीर केलं. ओहोटी लागली होती. अजून उशीर झाला तर नाव चिखलात बसणार होती. नवऱ्याने बाई पोहून येईल असं सुचवून पाहिलं.

“मी तसला माणूस नाही, साहेब,” नावाडी म्हणाला. “लग्न झालंय माझं. पण बाईमाणसाला इथं टाकून कसा जाऊ? त्यात तिची मनःस्थिती ही अशी.”

त्याने चिठ्ठी बायकोला दाखवली. बायकोने अक्षर पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि पायावर पाय टाकून बसली. कबूल करावं तर रविवार गेले, न करावं तर नाव गेली. नवरा धक्क्यावर येरझाऱ्या घालू लागला. तिकडे नावाडी तोंडाला हात लावून “ओ रानमांजरताई” अशा हाका मारत अख्ख्या बेटाला फेरी घालून आला, तोवर नावेखालचं पाणी घोट्याइतकं उरलं होतं.

“रानमांजर मी आहे,” नवरा म्हणाला.

नावाडी डबा घेऊन दोन पावलं मागे सरकला. नवऱ्याने घाईघाईने सगळं समजावलं: हा खेळ आहे, लोक डबे लपवतात, मी दर रविवारी असाच कुणाचा तरी डबा शोधत हिंडतो. सांगता सांगता ते त्याचं त्यालाच पटेनासं झालं.

तिघांनी ढकलून नाव पाण्यात घातली. नावाड्याने नवऱ्याला पार पुढच्या टोकाला बसवलं आणि हलक्या आवाजात बायकोला विचारलं, “ताई, घरी माहीत होतं?”

“रविवारी बाहेर असतो, एवढंच माहीत होतं,” बायको म्हणाली.

“रागावू नका. मनाने वाईट नाहीत. रविवारी जरा माणसांत ठेवत जा त्यांना.”

“मामा आहेत माझे. त्यांच्याकडे धाडणार आहे.”

नावाडी वल्हं मारता मारता थांबला.

“मामांचं लग्न झालंय ना, ताई?”