रुईत बसून कायदा सांगणारे भोयरवकील

आमचे भोयरवकील कोर्टात आले की आधी त्यांची मिशी पाहावी. तिच्यात कापूस दिसला, की समजायचं, आज नवा पॉडकास्ट झाला.

हिंगणघाटच्या कोर्टात आम्हा दोघांचं टेबल एकच. साठीच्या या गृहस्थांना कुणीतरी सांगितलं, रेकॉर्डिंगला आवाज न घुमणारी खोली लागते. ते तडक ओळखीच्या जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात गेले आणि जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद असताना रुईच्या ढिगात जाऊन बसले. "पाहा, काय सफाई आहे आवाजात! मुंबईले नाई भेटत असा स्टुडिओ."

आधी ते ब्लॉग लिहीत. 'सदरहू' आणि 'उपरोक्त' यांनी खच्चून भरलेला तो ब्लॉग मी सोडून कुणी वाचला असेल असं वाटत नाही. मीही अर्धाच वाचला. बोलताना मात्र माणूस मोकळा. फेरफार, वारसनोंद, मृत्युपत्र, सगळं घरच्या बोलीत. दर दोन वाक्यांनी, "समजलं का? नाई समजलं तं लाजू नका, मी काई फीस नाई मांगून राह्यलो." गावोगावच्या बायका त्यांना ऐकू लागल्या.

नव्या साधनांचा सोस भारी. मोबाईलवर स्वतःच्याच नाही, माझ्याही केसच्या तारखा पाहून ठेवत. एकदा कॉम्प्युटरकडून नोटीस लिहून घेतली. वाचून म्हणाले, "बाप्पा! इतका गोडवा? समोरचा याले लग्नपत्रिका समजन."

फक्त एका विषयाला ते हात लावत नसत. बहिणीने वडिलांच्या जमिनीतला हिस्सा भावाला सोडायचा, तो कागद म्हणजे हक्कसोडपत्र. बायकांचे सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच. हे आपले "पुढच्या वेळी" म्हणत टाळत. भाऊबीज जवळ आली तेव्हा मी छेडलंच, "भोयरजी, आता तं मुहूर्त आहे. काऊन घाबरता?"

ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला जिनिंगवर घेऊन गेले आणि फोन माझ्या हातात दिला. "तुम्ही धरा. आज मले एकट्यानं नाई जमत."

रुईत बसून ते बोलू लागले. "आज कायदा नाई सांगत. माह्या ताईचं हक्कसोडपत्र म्याच लिहिलं. तिनं इचारलं, काय लिहिलं रे? म्या म्हटलं, कर न सही. वाचून नाई दाखवलं. मंग लाजेनं तिच्या सासरी, रोहण्याले, जाणंच सोडलं. बारा वरीस झाले."

मग त्यांनी हातानेच पुरे अशी खूण केली. मी बंद केलं. इतकी वर्षं शेजारी बसून मला याचा पत्ता नव्हता, आणि मी त्यांना चिडवत होतो. मला माझीच लाज वाटली.

"टाकू का?" त्यांनी विचारलं.

"ताई ऐकते तुमचं?"

"मालूम नाई. तिच्यासाठीच तं सांगून राह्यलो सारं."

टाकलं. दोन दिवस ते दर पाच मिनिटांनी फोन पाहत होते. तिसऱ्या दिवशी, टेबलावर चहा आला तेव्हा ताईचा फोन आला. त्यांना कानाला लावायचंही सुचेना. मीच स्पीकर चालू केला.

"भाऊ, आयकलं तुहं."

"ताई, तुहा हिस्सा तुह्या नावानं करून देतो. कागद आजच..."

"तुह्या कागदाले ठेव बाजूले. तू वाचून दाखवलं असतं तरी म्या सही केलीच असती. पण इचारलं असतं तं बरं वाटलं असतं रे." मग म्हणाली, "बारा भाऊबीजा ताट करून ठेवलं म्या. आता भाऊबीजेची वाट नोको पाहू, उद्याच येजो."

भोयरवकिलांनी चष्मा काढला आणि कोटाच्या बाहीने डोळे पुसले. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या तीन केसेस होत्या. मी उभा राहिलो. न्यायाधीशांनी विचारलं, "वकीलसाहेब कुठे आहेत?"

तारीख मिळवायला आजवर मी ताप, लग्न, बिघडलेली गाडी, सगळं बेधडक सांगितलं आहे. त्या दिवशी "बहिणीकडे गेलेत, साहेब" हे पहिल्यांदाच खरं कारण सांगितलं.