सोमाजींनी बँकॉकात दिलेला शब्द

या खेपेला सत्यशीलाबाईंनी असा डाव टाकला होता, की सोमाजींना हलायलाच जागा नव्हती!

सोमाजी रामटेके म्हणजे शब्दाचा पक्का माणूस. माजरीच्या कोळसा खाणीत फिटर होते, नुकतेच निवृत्त झालेले. कोणीही यावं, "सोमाजीभाऊ, एवढं काम करा ना," म्हणावं, की यांनी शब्द देऊन मोकळं व्हावं. आणि एकदा शब्द दिला, की आभाळ कोसळलं तरी माघार नाही! बाईंची गोव्याची सहल कोणाच्या तरी घराचा स्लॅब टाकायचा होता म्हणून बुडाली. अजिंठ्याची सहल बुडाली, शेजाऱ्याची म्हैस अडली म्हणून. बॅग भरायची आणि रिकामी करायची, यात बाईंचा हात इतका बसला होता, की झोपेतसुद्धा साड्यांच्या घड्या घालत!

म्हणून मुलानं, अश्विननं, "आई, तुमाले दोघाइले कुठी पाठवू?" असं विचारताच बाईंनी थेट परदेशच मागितला. क्वार्टरच्या बायकांपुढे त्यांनी छाती पुढे काढून सांगितलं,

"बँकॉकात ह्याइले कोणी ओळखत नाई, ह्याइची भाषा कोणाले समजत नाई. मंग शब्द देतील कोणाले? खांबाले? मी तं बाई नदीतल्या मोठ्या बोटीवर जेवणार! वरतं लायटिंग, बाजूले गाणं, समोर नाच! ह्या येळी कोणाचा बाप आडवा येत नाई!"

पहिला दिवस झकास गेला. हॉटेलमधून बाहेर पडताच दोघं चुकले. सोमाजी भेटेल त्याला हात जोडून "जय भीम!" म्हणत होते आणि तिथले लोक तितक्याच अदबीनं हात जोडून हसत होते. रस्ता मात्र कोणी सांगत नव्हतं. एकाच बाजारातून इतक्या वेळा फिरले, की फणसवाली बाई ओळखीची झाली आणि तिनं बाईंच्या हातात दोन गरे फुकट ठेवले. बाई भलत्याच खूश! दिवस मावळेपर्यंत सोमाजींनी कोणालाही, कशाचाही शब्द दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळची बोट ठरलेली. आणि नेमकी पौर्णिमा!

पौर्णिमेला पांढरे कपडे घालायचे, हा घरचा रिवाज. माजरीत पांढरं कापड वाळत घातलं, तर उतरवेपर्यंत कोळशाच्या धुळीनं करडं होतं. इथं सोमाजींचा सदरा नुसता लखलखत होता! बाईंनीही पांढरी साडी नेसली. म्हटलं, सकाळच्या वेळी जरा पाय मोकळे करून येऊ.

कोपऱ्यावर वळतात तो काय, समोर विहार! आणि विहारात शिरणारे सगळे बायाबापडे नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत!

"पाय सत्यशीला, हे तं आपलेच लोक निंगाले!" सोमाजी लगबगीनं दाराकडे निघाले.

दारातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी या दोघांचे कपडे पाहिले, प्रेमानं हात धरले आणि नेऊन थेट पहिल्या रांगेत बसवलं. वंदना सुरू झाली. चाल निराळी होती, पण शब्द तेच! 'बुद्धं सरणं गच्छामि' कानावर पडलं मात्र, सोमाजींनी आवाज लावला. माजरीच्या विहारात वंदना तेच सांगायचे. त्या आवाजानं इथले भंतेसुद्धा डोळे उघडून पाहायला लागले. भोवतालच्या माणसांच्या तोंडावर आनंद मावेना. बाईंनाही क्षणभर भरून आलं. कुठलं माजरी, कुठलं हे गाव, आणि शब्दाला शब्द लागत होता!

मग शील सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं. सोमाजी रंगात येऊन एकेक म्हणत होते. पाचवं झालं. बाईंनी हात जोडून नमस्कार केला, कारण पंचशील संपलं.

पण भंते थांबलेच नाहीत! ते सहाव्यावर गेले!

बाईंनी कान टवकारले. हे तर अष्टशील! पौर्णिमेचं उपोसथ! दुपारनंतर जेवायचं नाही, नाचगाणं पाहायचं नाही, हार नाही, अत्तर नाही, उंच पलंग नाही, दुसरा दिवस उजाडेपर्यंत! बाईंनी तोंड मिटलं आणि नवऱ्याला कोपरानं ढोसलं. पण सोमाजींची गाडी उतारावर लागली होती. सहावं! बाईंनी चिमटा काढला. सातवं! बाईंनी पदर ओढला. आठवंही त्यांनी खणखणीत म्हटलं आणि मगच डोळे उघडले.

नंतर तिथं जेवण होतं. बाईंनी मनाची समजूत काढली, 'भराच्या भरात म्हनून गेले, यात का एवढं!' आणि वाढणारी जवळ आली तशी खुणेनं बजावलं, "कमीच घ्या, अजी! रात्री बोटीवर पोटभर खायचं हाय." सोमाजींनी मुकाट्यानं दोन घास खाल्ले.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "सत्यशीला, आता आज मले जेवता येत नाई."

"काऊन? चुकून झालं ना ते!"

"चुकून कसं? प्रत्येक शब्दाचा अर्थ मले मालूम हाय. शील घेतलं म्हनजे घेतलं."

"आन माही बोट?"

"जाऊ ना बोटीवर! तू खा, तू पाय. मी बसतो बाजूले."

बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. जगात कोणी शब्द घेणारं उरू नये म्हणून समुद्र ओलांडला, तर या माणसानं थेट तथागतालाच शब्द दिला! तिथं भांडायला जाणार तरी कोण?

संध्याकाळी दोघं बोटीवर चढले. दारातच ताज्या फुलांचे हार घेऊन पोरी उभ्या. सोमाजी असे काही खाली वाकून निसटले, की त्यांचा हारही बाईंच्याच गळ्यात पडला. दिवे लागले, मासे तळल्याचा वास सुटला, वाजंत्री सुरू झाली. सोमाजींनी खुर्चीवर मांडी घातली, कानात बोटं घातली, डोळे गच्च मिटले.

जवळच्या टेबलावरच्या एका गोऱ्या बाईनं पाहिलं. पांढरे कपडे, पिकलेले केस, मिटलेले डोळे! ती हळूच उठली आणि हात जोडून त्यांच्यासमोर खाली बसली. तिच्यामागे तिचा नवरा. त्यांचं पाहून आणखी चार जण. बघता बघता अर्धी बोट सोमाजींपुढे ध्यानाला बसली! एका वाढप्यानं तर अख्खा तळलेला मासा आणून भक्तिभावानं त्यांच्या मांडीजवळ ठेवला. सोमाजींच्या पोटातून मोठ्ठा आवाज आला. गोऱ्या बाईनं तो मंत्र समजून पुन्हा नमस्कार केला!

"अगे माय!" सत्यशीलाबाई कपाळावर हात मारत पुटपुटल्या. "इथी बी माजरीचा विहार केला ह्याइनं!"

नाचणाऱ्या पोरींपुढे पाहायला उरल्या एकट्या बाई, गळ्यात दोन हार घातलेल्या. पोरींनी हसून त्यांनाच ओढलं. बाई आधी "नाई, नाई!" म्हणाल्या. मग मनात आलं, आता कोणासाठी थांबायचं? त्यांनी पदर खोचला आणि लग्नाआधी भद्रावतीला मामेभावाच्या वरातीत नाचल्या होत्या, तशा नाचल्या! सुरुवातीला गुडघा कुरकुरला, मग तोही गप्प बसला. नदीवरचा वारा, लखलखते दिवे, आणि मध्ये सत्यशीलाबाई! गिरकी घेताना त्यांनी सहज नवऱ्याकडे पाहिलं.

अख्खी मंडळी डोळे मिटून बसली होती. आणि गुरुजींचा उजवा डोळा सताड उघडा!

रात्री सोमाजी हॉटेलच्या खोलीत खाली सतरंजी टाकून आडवे झाले, बाई वर पलंगावर.

"अजी, नाच पाहाचा नोयता ना?"



"एकाच डोळ्यानं पायला," सोमाजी म्हणाले. "तू नाचतं हे मले मालूमच नोयतं. एवढे वर्स झाले! राहावलं नाई मले."

अंधारात बाई एकट्याच हसल्या. आजवर त्यांच्यासाठी या माणसानं कोणालाही दिलेला शब्द मोडला नव्हता.

"पन मोडलं ते मोडलं," सोमाजी पुढे म्हणाले. "उद्या सकाळी जाऊन पुन्हा शील घ्या लागन."

बाई ताडकन उठून बसल्या. "उद्या हत्ती पाहाले जाचं हाय! पाच शिलाच्या वरतं गेले तं पायजा!"

"नाई जात. पाचच घेतो. तुले शब्द देतो..."

"शब्द नोका देऊ, अजी!" बाई किंचाळल्या. "निस्तं हो म्हना!"