पाट ओळखीचा, गणपती परका

मोरोपंत वैशंपायनांनी मुलाला स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, "नऊला पोच. हमरापूरचा शिवा नऊच्या आत गणपतीच्या कारखान्यात फिरकत नाही." पण यज्ञेशने मनाशी ठरवलं, आपण सहालाच पोचायचं. तेवढंच काय ते चुकलं. पुढचं सगळं आपोआप होत गेलं.

आता जो माणूस बारा वर्षं नेदरलँड्समध्ये राहिला, जिथे शेजाऱ्याकडे चहाला जायचं तरी तीन आठवडे आधी वेळ ठरवावी लागते, तो असल्या कामाला निवांत कसा निघणार? त्यात हरतालिकेचा दिवस. मुंबईहून कोकणात निघालेल्या गाड्या, हायवे आणि खड्डे. यज्ञेशने आदल्या दिवशी लॅपटॉपवर वेळेचा तक्ता केला होता. त्यात खड्ड्यांसाठी वेगळा रकाना होता. (त्याची बायको तनया म्हणाली, "रस्त्यासाठी वेगळा कर, तो कमी भरेल.")

ह्या धास्तीमागे तसंच कारण होतं. रोह्याच्या घरात पाऊल टाकल्यापासून यज्ञेशचा पाहुणा झाला होता. अनसूयाबाई, म्हणजे त्याची आई, त्याला सीलबंद बाटलीतलं पाणी देत. अंघोळीला कोरा टॉवेल. चहाला ती सोनेरी काठाची कपबशी, जी त्याच्या लहानपणी फक्त तपासणीला आलेल्या शिक्षणाधिकाऱ्यांसाठी निघायची. आणि मोरोपंत? पेणच्या शाळेत तीस वर्षं मुलांच्या पाठी शेकून काढणारा हा माणूस मुलाला विचारी, "यज्ञेश, पंखा चालेल ना तुला? की बंद करू?" मोरोपंतांचा हिशेब साधा होता. ज्याला ते आपला मानत त्याला ते बोलत. दूधवाला, पोस्टमन, शेजारचे हैबतराव, सगळे रोज सकाळी त्यांचं बोलणं खात आणि खुशीत जात. गेले पंधरा दिवस यज्ञेशला मात्र त्यांनी एकदाही झापलं नव्हतं. तिकडे बारा वर्षं तो 'इंडियन' होता, इकडे 'नेदरलँडवाला' झाला होता. आपण नक्की कुठले, ह्या विचाराने त्याला झोप लागत नसे. (तो म्हणे, जेटलॅग.)

अशात मोरोपंतांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा गणपती आणायचं काम दुसऱ्यावर आलं. ते हैबतरावांकडे जाणार होतं. यज्ञेशने अक्षरशः हट्ट करून ते मागून घेतलं. घरचं काम करणारा तो घरचा, असं त्याचं म्हणणं. म्हणजे हे काम बिघडलं तर आपण कायमचे पाहुणे, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

सहा वाजून दहा मिनिटांनी दोघं नवरा-बायको शिवाच्या कारखान्यात पोचले. शिवा नव्हताच. त्याची आई पुतळीबाई एका स्टुलावर बसून पेंगत होती. मागे रांगेने गणपती, तयार झालेले, प्रत्येकाच्या तोंडावर रुमाल आणि वरून पावसासाठी प्लॅस्टिक. आमच्याकडे गणपतीचा चेहरा घरच्या दारात उघडतात, वाटेत नाही. आणि प्रत्येक घर आपापला पाट दोन महिने आधी कारखान्यात नेऊन देतं, त्या पाटावरच मूर्ती बसवतात. पाटाच्या मागच्या अंगाला खडूने नाव लिहिलेलं असतं.

"कोनाचा गनपती?" पुतळीबाईंनी एक डोळा उघडला.

"मोरोपंत वैशंपायनांचा. रोहा."

"मास्तरांचा व्हय? शिवा येल आता. थांबा वाईच."

पण यज्ञेशला थांबायची गरजच नव्हती. दुसऱ्या रांगेत त्याला पाट दिसला होता. फणसाच्या लाकडाचा, चार कोपऱ्यांना पितळी फुलं, आणि डाव्या हाताचा कोपरा जळका. सातवीत असताना त्या कोपऱ्यावर त्याने पेटती फुलबाजी टेकवली होती आणि त्यापायी संध्याकाळपर्यंत अंगणात उभा होता. बारा वर्षं परदेशात राहूनही आपला पाट आपण एका नजरेत ओळखतो, ह्याला मुळं म्हणतात!

"नाव बघ मागे," तनया म्हणाली.

"नाव कशाला? आईला ओळखताना मी आधार कार्ड बघतो का?"

"बाबांनी सांगितलंय, नाव वाच म्हणून."

"तनया, हा कोपरा मी जाळलाय! आजी, आम्ही नेतो. मी घरचाच माणूस आहे."

"घरचा मानूस हाय, मंग न्या की," असं म्हणून पुतळीबाईंनी उघडा डोळा मिटला. 'घरचा माणूस' हे शब्द यज्ञेशने हमरापूर ते वडखळ मनात पाच-सहा वेळा म्हणून पाहिले.

तनया मागच्या सीटवर पाट मांडीवर घेऊन बसली. गाडी ताशी वीसच्या वेगाने चालली होती, सायकलवाले मागे वळून बघत होते.

"अरे, प्लॅस्टिकखालून काहीतरी टोचतंय मला. दोन आहेत."

"उंदराचे कान असतील."

"इतके टोकदार?"

"हल्ली कलाकुसर वाढली आहे," यज्ञेश म्हणाला आणि नागोठण्याच्या पुढे भिसे खिंडीला लागला. नऊच्या आत तो रोह्याच्या घरासमोर उभा होता. तक्त्यापेक्षा अकरा मिनिटं आधी.

दारात वॉकर धरून मोरोपंत, शेजारी तांब्या आणि भाकरतुकडा घेतलेल्या अनसूयाबाई. त्यांनी यज्ञेशच्या पायांवर पाणी घातलं, तुकडा ओवाळून टाकला, हळदकुंकू वाहिलं. यज्ञेशने वडिलांकडे बघत प्लॅस्टिक काढलं आणि रुमाल दूर केला.

अनसूयाबाईंनी तांब्या खाली ठेवला.

मोरोपंतांचा गणपती बेचाळीस वर्षं एकच. शाडूचा, बैठा, पिवळा पितांबर, बाकी काही नाही. ह्या गणपतीच्या डोक्याला गुलाबी फेटा होता. एका हातात चाबूक होता. आणि शेजारी छाती काढून, शिंगं रोखून, गोंडे लावलेला एक पांढराशुभ्र शर्यतीचा बैल उभा होता. बैलाच्या कपाळावर सोनेरी अक्षरांत नाव होतं.

मोरोपंतांनी चष्मा पुसला. पुन्हा घातला. "यज्ञेश, हा सोन्या कोण?"

"बाबा... यंदाची पद्धत असेल."

"मी शिवाला बैल सांगितला नव्हता."

"पण पाट! पाट आपला आहे ना? हा बघा कोपरा!"

"अरे, हा पाट आपला कुठे राहिला?" अनसूयाबाई म्हणाल्या. "आठ वर्षं झाली देऊन. खाडीचा बांध फुटला तेव्हा धरमतरकडच्या दत्तू म्हात्रेच्या घरात कमरेएवढं खारं पाणी शिरलं. देवाचा पाट वाहून गेला बिचाऱ्याचा. ह्यांचा विद्यार्थी तो, म्हणून ह्यांनी आपला दिला. आपण नवा सागवानी केला. तुला व्हिडिओ कॉलवर सांगितलं होतं की! तू म्हणालास, 'वा, छान झालं.'"

यज्ञेशला तो कॉल आठवेना. म्हणजे असे बरेच कॉल त्याला आठवेनात. आठ वर्षं तो ज्या घराच्या आठवणी काढून हळवा होत होता, ते घर त्याला न कळवता (म्हणजे कळवून) पुढे निघून गेलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने डोळे मिटले, मान खाली घातली आणि आता सुरू होणाऱ्या सरबत्तीची वाट पाहिली.

"असू दे," मोरोपंत हळू आवाजात म्हणाले. "तुला काय माहीत असणार? दमला असशील. अनसूया, त्याला कॉफी दे. दूध कमी घालून."

त्या कॉफीने यज्ञेशच्या काळजाचं पाणी झालं. तेवढ्यात फोन वाजला. शिवा होता.

"यज्ञेशदादा, तुमी काय केलाव ह्ये? दत्तूशेट आलाय गनपती न्यायला. दोन टेम्पो, चाळीस मानसं. बेंजोवाले हाताची घडी घालून उभे हायत. मी काय सांगू त्यांना?"

"शिवा, त्यांना म्हणावं, मी—"

पण फोन दुसऱ्याच्या हातात गेला होता. आवाज भारी होता, मिठागरावर एका बांधावरून दुसऱ्या बांधावर बोलायची सवय असलेल्या माणसाचा.

"गनपती नेलास तो नेलास, माज्या सोन्याला पन नेलास?"

"काका, चूक झाली. मी आणतो परत. आत्ता."

"नागोठन्याच्या स्टँडवर ये. आमी निंगालोच. तुमचा गनपती घेऊन येतूं." आणि फोन बंद झाला.

इकडे अनसूयाबाई हटून बसल्या. "ओवाळून घेतलेला गणपती दारातून परत पाठवायचा? काय बोलायचं लोकांनी?"

"प्राणप्रतिष्ठा उद्या आहे. आज तो वाट चुकून आलाय," मोरोपंत म्हणाले. "चहापाणी करा आणि पाठवा." मग ते मुलाकडे वळले. "तू राहू दे. उगाच तुला त्रास. मी हैबतरावांना पाठवतो."

"मीच जाणार!" यज्ञेश इतक्या जोरात ओरडला की सोन्यासुद्धा दचकल्यासारखा वाटला. अनसूयाबाईंनी गणपतीसमोर नारळ ठेवला, बैलाच्या तोंडासमोर गुळाचा खडा धरला आणि यज्ञेशच्या हातात सीलबंद पाण्याची बाटली दिली.

नागोठण्यापर्यंतची वाट संपता संपेना. सकाळी मोकळा असलेला रस्ता आता गाड्यांनी भरला होता. चाळीस माणसं! त्यात मिठाच्या गोण्या उचलणारी! यज्ञेशने तनयाला विचारलं, "आपल्या प्रवासाच्या विम्यात मारहाण येते का?"

"अपघाताने झालेली येते," ती म्हणाली. "तुझी काही अपघाताने होणार नाही."

स्टँडसमोर दोन टेम्पो उभे होते. यज्ञेशची गाडी दिसताच चाळीस माणसं एकदम खाली उतरली. सगळ्यांत पुढे दत्तात्रेय म्हात्रे, पांढरा सदरा, दारात मावणार नाही असे खांदे. तो सरळ गाडीच्या मागच्या दाराशी आला, वाकला, रुमालावरूनच गणपतीला हात जोडले आणि मग सोन्याची दोन्ही शिंगं बोटांनी चाचपून पाहिली. शाबूत होती. मग तो यज्ञेशकडे वळला. यज्ञेशने चष्मा काढून खिशात ठेवला.

"मास्तरांचा पोर ना तू?"

"हो काका. चूक माझीच आहे. मी नाव वाचलं नाही."

"मास्तर हितं असते ना, तर दोन कानाखाली दिल्या असत्यान त्यांनी. मला दिल्यात. पाढा चुकलो होतू."

"मग तुम्ही द्या ना," यज्ञेश काकुळतीने म्हणाला. तो मनापासून म्हणाला, हे तनयाला कळलं आणि तिने तोंड दुसरीकडे फिरवलं.

"छ्या, छ्या!" दत्तात्रेयने दोन्ही कान पकडले. "एवढ्या लांबून आलेला पावना तू. पावन्याला कोन मारतं? ए, चहा सांगा रे पावन्याला! बिस्किटं पन सांगा!"

मग जे झालं ते मारापेक्षा वाईट होतं. त्याला खुर्ची देण्यात आली. बेंजोवाल्यांनी त्याच्या मानात एक गाणं वाजवलं. चाळीसपैकी निदान तीस जणांनी त्याच्याबरोबर फोटो काढले. एका म्हाताऱ्याने विचारलं, "तुमच्या तिथं समुद्र जमिनीच्या वर हाय म्हनं, आन बांध फुटत नाय?" यज्ञेशने तिकडच्या बांधांची माहिती दिली. म्हातारा ऐकून म्हणाला, "मंग तुमाला पाट द्यायला कोनी लागत नसंल." यज्ञेशने चहाच्या कपात बघितलं.

मूर्तींची अदलाबदल झाली. ह्या वेळी सागवानी पाट उलटसुलट तपासून यज्ञेशने मागचं नाव तीनदा मोठ्याने वाचलं. दत्तात्रेयने मान डोलावली. टेम्पो वाजतगाजत निघाले आणि तो गुलाबी फेट्याचा गणपती, जळक्या कोपऱ्याच्या पाटावर बसून, धरमतरच्या दिशेने दिसेनासा झाला.

रोह्याला पोचायला दुपारचे तीन वाजले. अनसूयाबाईंनी पुन्हा पाणी घातलं, पुन्हा ओवाळलं, रुमाल सरकवला. शाडूचा, बैठा, पिवळा पितांबर. मोरोपंत वॉकर सोडून दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी गणपतीच्या पायांना हात लावला. "आलास बाबा," एवढंच म्हणाले. यज्ञेशला वाटलं, आता निदान मला काहीतरी बोलतील. पण ते वळून आत गेले.

तो मागच्या मोरीवर पाय धुवायला गेला. इतकं करूनही आपण बाहेरचे ते बाहेरचेच, ह्या विचाराने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि साबण डोळ्यांत गेल्याचं निमित्तही मिळेना कारण साबण अजून हातात होता. तेवढ्यात पुढच्या खोलीतून तो आवाज आला. पेणच्या शाळेच्या खिडक्या हलवणारा, अस्सल, जुना.

"गाढवा! डोळे काय खाडीत सोडून आला होतास? इतकी वर्षं ह्या घरात वावरलास, आपला पाट कुठला एवढं कळू नये तुला? लाज वाटत नाही?"

यज्ञेशच्या हातातून साबण निसटला. "तनया! ऐकतेस का? बाबा ओरडतायत! मला ओरडतायत!" तो ओल्या पायांनी, आईने नुकत्याच सारवल्यासारख्या पुसलेल्या फरशीवर ठसे उमटवत धावला आणि वडिलांसमोर मान खाली घालून उभा राहिला. पंधरा दिवसांत इतकं हलकं त्याला वाटलं नव्हतं.

मोरोपंत खुर्चीत बसले होते. कानाला फोन होता. त्यांनी मुलाला पाहिलं, फोनवर हात ठेवला आणि मऊ आवाजात म्हणाले, "तुला नाही रे, यज्ञेश. तू जेवून घे."

मग हात काढून पुन्हा फोनमध्ये गरजले, "आणि शिवा, तू आमच्या घरचा माणूस ना? मग कारखाना आईवर टाकून झोपतोस आणि खुशाल पाहुण्याच्या हातात गणपती जाऊ देतोस?"