वाहतूक खर्च शून्य

माधवगंजच्या आमच्या गल्लीत वाटीभर आमटी मागायला सगळेच येतात. विसूकाका आयातीसाठी येतात.

काकांनी जन्मभर कॉलेजात आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवला. ते निवृत्त झाले, विषय झाला नाही. प्रत्येक घरानं त्याला त्यातल्या त्यात बरं जमतं तेवढंच करावं आणि बाकीचं शेजाऱ्याकडून घ्यावं, हे त्यांचं तत्त्व. त्यानुसार काकूंच्या गुळपोळ्या आमच्याकडे येत, आमची आमटी त्यांच्याकडे जाई आणि समोरच्या शर्माभाभींची कचोरी दोन्हीकडे. भाभी म्हणत, "प्रोफेसर साहब, पहले कचौरी खा लीजिए. भाषण ठंडा नहीं होगा."

एकदा काकांनी मला स्वस्त कोथिंबिरीसाठी भर उन्हात दूर महाराज बाड्याच्या बाजारात पिटाळलं. मी टेम्पोच्या भाड्याचा विषय काढला, तर म्हणाले, "वाहतूक खर्च शून्य धरू." फळ्यावरचं प्रत्येक गणित ते याच वाक्यानं सुरू करत.

गेल्या वर्षी काकू गेल्या. आम्ही काकांना रोज डबा पाठवू लागलो. महिन्याभरानं त्यांनी तो परत पाठवला.

"निर्यात बंद, तर आयात कशाच्या जोरावर?"

"काका, शेजार आहे," मी म्हटलं.

"याला मदत म्हणतात. मदतीवर जगणाऱ्या देशांबद्दल मी वर्षानुवर्षं वाईट बोललोय."

मग ते चहा-बिस्किटांवर राहू लागले. सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल दिसू लागली. शेवटी माझी बायको सुनंदा त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काका, सगळ्याच कामांत मागे असलेल्या देशाकडेही विकण्याजोगं काहीतरी असतं, असं तुम्हीच सांगता ना?"

"असतं. ज्यात तो सर्वांत कमी मागे असेल, ते."

"मग मटार सोला. मला सकाळी शिकवण्या असतात. तुम्हाला वेळच वेळ आहे."

काकांनी सिद्धान्त उलटसुलट तपासला. चूक सापडेना. त्या दिवशी डबा ठेवून घेतला.

काका मटार फार वाईट सोलतात. दर शेंगेतला एक दाणा कपाटाखाली जातो. संध्याकाळी आम्ही पिशवी त्यांच्या घरी पोचवतो. सकाळी काका ती न सोललेलीच परत आणतात, गुडघा धरत आमच्या जिन्याच्या चौदा पायऱ्या चढून. मग आमच्या टेबलाशी बसून जेवणवेळेपर्यंत सोलतात आणि बोलतात.

परवा मी म्हटलं, "काका, घरीच सोला की. मी खाली येऊन घेऊन जाईन."

त्यांनी शेंगेवरून नजर उचलली नाही.

"वाहतूक खर्च शून्य धरलाय," ते म्हणाले.