बुटांबरोबर आलेला कॅमेरा

गुरुवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ऑर्विल थोरकेलसनचा कॉम्प्युटर त्या दिवसात सहाव्यांदा बंद पडला. पद्धत दर वेळी तीच. ऑर्विल कॅमेऱ्याची वायर लावायचा, पडद्यावर त्याचा चेहरा नाकापर्यंत उमटायचा आणि मग सगळा पडदा निळाशार. त्या निळ्यावर एक दुर्मुखलेलं तोंड आणि खाली बारीक अक्षरांत काहीतरी मजकूर, जो ऑर्विलने सहाही वेळा वाचला नव्हता.

"परत गेला का?" स्वयंपाकघरातून लोर्नाने विचारलं.

"गेला नाही. विचार करतोय."

"मग तुझ्यावरच गेलाय. निळापिवळा होतो आणि बोलत काही नाही."

ऑर्विलने कॅमेऱ्याची वायर उपटली. चाळीस वर्षं त्याने मॅनिटोबा प्रांताच्या हिवाळ्यात खांबांवर चढून विजेच्या तारा जोडल्या होत्या. अख्खं आर्बोर्ग गाव त्याच्या भरवशावर दिवे लावायचं. आता एकाहत्तराव्या वर्षी टेबलावरच्या हातभर वायरीने त्याला घाम फोडला होता.

"कुणाला तरी फोन कर," लोर्ना म्हणाली. "टोस्टर तूच दुरुस्त केला होतास. तेव्हापासून आपण पाव तव्यावर भाजतोय."

एरवी ऑर्विलने कॉम्प्युटरवर फडकं टाकलं असतं आणि तो गॅरेजमध्ये जाऊन बसला असता. पण आज चार वाजता एडमंटनहून बाल्डर पडद्यावर येणार होता. बाल्डर त्याचा थोरला भाऊ. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे दोघांचं सगळं बोलणं हातांनी. फोनचा उपयोग नाही, आणि मोबाइल बाल्डरला मंजूर नव्हता. एवढ्याशा पडद्यात माझे हात मावत नाहीत, असं त्याचं म्हणणं. शुक्रवारी सकाळी त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. गाडी काढून जावं, तर तीन दिवसांच्या वादळाने रस्ते बंद. आज चार वाजता दिसला तर दिसला.

कॅमेरा ऑक्टोबरात शेतीच्या सामानाच्या दुकानातून आला होता. बर्फातले बूट घेणाऱ्याला एक गोल कॅमेरा फुकट. दोन महिने तो गुणाने वागला. सोमवारी कॉम्प्युटरने आपण होऊन स्वतःत काहीतरी सुधारणा करून घेतल्या आणि तेव्हापासून दोघांचं पटेना.

ऑर्विलने कॅमेऱ्याचं खोकं शोधलं. त्यावर दुकानाच्या दुरुस्ती विभागाचा नंबर होता. चष्मा न लावता त्याने तो फिरवला.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"हॅलो, माझ्या त्या कॅमेऱ्याचं—"

"अहो, आलात का एकदाचे!" पलीकडून एक बाई म्हणाल्या. "मी केव्हाची फोनपाशी बसलेय."

ऑर्विल भारावला. दुरुस्तीवाले आपली वाट बघत बसलेत, असं त्याच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं.

"कॅमेरा लावला," बाई पुढे म्हणाल्या, "की अर्धा चेहरा दिसतो आणि पडदा निळा."

"अगदी बरोबर! पण तुम्हाला कसं कळलं?"

"कळायचंय काय त्यात? माझ्या डोळ्यांसमोर होतंय."

त्यांच्याकडे तपासणीसाठी असाच एक कॉम्प्युटर मांडलेला असणार, हे ऑर्विलच्या लक्षात आलं. त्याला आणखी धीर आला.

"बरं, मग आता काय करायचं?" त्याने विचारलं.

"आता काय करायचं?" त्याच क्षणी बाईंनीही विचारलं.

दोघे थांबले.

"सांगा ना," ऑर्विल म्हणाला.

"नाही, तुम्ही सांगा. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलेय."

आजकाल गिऱ्हाइकाच्याच तोंडून उत्तर काढून घेतात, असं ऑर्विलने कुठेतरी ऐकलं होतं. त्याने घसा खाकरला. "तारांवर बिघाड झाला की आम्ही आधी सगळं सोडवतो. मग एकेक जोडत जायचं. ज्याला जोडल्यावर ठिणगी उडते, तो गुन्हेगार."

"छान!" बाई म्हणाल्या. "करू या."

दोघांनी आपापली टेबलं रिकामी केली. प्रिंटर सुटला, स्पीकर सुटले, लोर्नाच्या शिवणयंत्राची एक वायर विनाकारण सुटली. मग एकेक करून परत जोडणी. प्रिंटर लावला, काही नाही. स्पीकर लावले, काही नाही. कॅमेरा लावला आणि आर्बोर्गमध्ये पडदा निळा झाला.

"गेला!" ऑर्विल ओरडला.

"इथेही!" बाई ओरडल्या. "गुन्हेगार सापडला!"

"आता?"

"आता पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा."

"इतकं बारीक कोण वाचतं?"

"साहेब, छापलेलं असतं ते वाचण्यासाठीच असतं," बाई इतक्या कडकपणे म्हणाल्या की ऑर्विल मुकाट्याने चष्मा घेऊन आला. अगदी तळाला 'काय बिघडलं' असं लिहून पुढे एक विचित्र नाव होतं. दोघांच्या पडद्यांवर तेच नाव निघालं. कॉम्प्युटर पुन्हा चालू झाल्यावर बाईंनी ते नाव कुठल्याशा मदतीच्या पानावर शोधलं आणि मोठ्याने वाचलं, "हा कॅमेऱ्याचा ड्रायव्हर आहे. जुना झालाय."

"ड्रायव्हर म्हणजे?"

बाईंनी आवाज सावरला. हे आपल्याला विचारतात म्हणजे आपली परीक्षा चाललीय, असं त्यांना वाटलं असावं. "म्हणजे असं बघा. कॉम्प्युटर आणि कॅमेरा यांची भाषा वेगळी. मधे जो दुभाष्या असतो, तो ड्रायव्हर. कॉम्प्युटर सोमवारी नवीन बोलायला लागला. दुभाष्या जुनंच धरून बसलाय. तो भलतंच काहीतरी सांगतो आणि कॉम्प्युटर घाबरून सगळंच बंद करतो."

"कळलं," ऑर्विल हळूच म्हणाला. "मी केलंय ते काम."

"कुठलं?"

"दुभाष्याचं. माझ्या भावाला ऐकू येत नाही. मी सहा वर्षांचा असल्यापासून दुकानात, शाळेत, सगळीकडे मीच मधे. एकदा डॉक्टर म्हणाले, टॉन्सिल काढायचे. मला ती खूण येत नव्हती. मी सांगितलं, जीभ काढणार आहेत. बाल्डर दोन दिवस गुरांच्या गोठ्यात लपून बसला होता."

पलीकडे बाई हसल्या. मग ऑर्विलने त्यांना उद्याच्या शस्त्रक्रियेचं सांगितलं, चार वाजताचंही सांगितलं. का सांगितलं ते त्याला कळलं नाही. तीन दिवसांत त्याने हे लोर्नाजवळही धड काढलं नव्हतं.

बाईंचं हसू थांबलं होतं. "किती वाजलेत तुमच्याकडे?"

"तीनला दहा कमी."

"मग बोलत काय बसलाय? चला, त्या दुभाष्याला निरोप देऊ."

पुढचा पाऊण तास त्या दोघांनी जे केलं ते पुन्हा करून दाखवा म्हटलं असतं तर दोघांनाही जमलं नसतं. बाई एकेक ओळ वाचायच्या, ऑर्विल ती करायचा, आणि "ठिणगी नाही" असं म्हणाला की बाईही तेच करायच्या. एका यादीत कॅमेऱ्याच्या नावापुढे पिवळा त्रिकोण सापडला. ते नाव काढून टाकलं. काढताना 'ड्रायव्हरही पुसून टाकायचा का' असं कॉम्प्युटरने विचारलं, तेव्हा दोघांचेही हात थबकले.

"पुसायचा?" ऑर्विलने विचारलं.

"मला वाटतं, पुसायचा."

"वाटतं?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"पुसू या."

पुसला. कॅमेरा काढला, कॉम्प्युटर बंद केला, चालू केला, कॅमेरा परत लावला. कॉम्प्युटरने स्वतःच शोधाशोध करून नवा ड्रायव्हर बसवला. पडदा निळा झाला नाही. चित्र उघडून बघायची हिंमत मात्र कुणी केली नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली.

"चाललं हो!" बाईंचा आवाज फाटला. "माझ्या अकरा बायकांचा पडद्यावरचा पेरोगीचा वर्ग वाचला! पाच वाजता आहे!"

दुरुस्ती विभागात पेरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, कशाला शिकवतात, हा प्रश्न ऑर्विलला आनंदाच्या भरात पडला नाही. "मॅडम, तुमचं नाव सांगा. तुमच्या साहेबांना मी स्वतः पत्र लिहिणार आहे."

"माझे साहेब? ते नऊ वर्षांपूर्वी वारले. उलट मीच तुमचं नाव विचारणार होते. दुकानाला कळवायला."

"कुठल्या दुकानाला?"

"तुमच्या! तिथूनच ना फोन केलात? तीन दिवस झाले मी निरोप ठेवून. म्हणाले, आमचा माणूस फोन करेल."

ऑर्विलने खोकं उचललं. या वेळी चष्म्यातून बघितलं. नंबराच्या शेवटी एक होता. त्याने सात फिरवला होता.

"तुम्ही दुकानातल्या नाही?" त्याने बारीक आवाजात विचारलं.

"मी ओरिसिया हुमेन्युक. डॉफिनला राहते. लायब्ररीत होते. आणि तुम्ही?"

"मी खांबावर होतो."

"बूट घेतले होतेत?" ओरिसियाबाईंनी विचारलं.

"हो. तपकिरी."

"म्हणजे दोघांनाही काही येत नसताना आपण..."

"आता कशाला हात लावू नका," ऑर्विल घाईघाईने म्हणाला.

"हात? मी श्वाससुद्धा घेत नाहीये."

मग दोघेही इतके हसले की लोर्ना पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली.

चार वाजता बाल्डर आला. स्वच्छ, पूर्ण चेहरा, हॉस्पिटलचा झगा, मागे उशी. ऑर्विलने दोन्ही हात उंचावून त्याला नमस्कार केला. बाल्डरने डोळे बारीक केले, मान वाकडी केली, आणखी वाकडी केली, आणि मग तो असा हसत सुटला की शेजारची नर्स धावली. 'तू छताला लटकतोयस,' त्याने हातांनी सांगितलं.

नव्या दुभाष्याने ऑर्विलला उलटं करून पाठवलं होतं. ऑर्विलने ड्रायव्हरची यादी उघडली, मिटली. यात परत हात घालायचा म्हणजे...

"सरक," लोर्ना म्हणाली. तिने कॅमेरा उचलला, तळ वर करून उलटा धरला आणि पिठाच्या हातांनीच चिकटपट्टीने पडद्याच्या कडेला चिकटवून टाकला. ऑर्विल सरळ झाला. तिला चार सेकंद लागले.

भाऊ सव्वा तास बोलले. शस्त्रक्रियेबद्दल फारसं नाहीच. गोठ्याबद्दल, आईबद्दल, वादळाबद्दल, डॉफिनच्या बाईंबद्दल. निघताना बाल्डरचे हात जरा अडखळले. 'भीती वाटत होती,' तो म्हणाला. 'तुला लटकताना पाहिलं आणि गेली. त्या बाईंना माझे आभार सांग.'

ऑर्विलने लगेच डॉफिनला फोन लावला. तिकडे अकरा बायका आपल्या शिक्षिकेचं पीठ छतावरून का पडत नाही, याची चौकशी करत होत्या.

"कॅमेरा उलटा चिकटवा," ऑर्विल म्हणाला. "आणि बाल्डरने आभार मानलेत. माझेही घ्या."

"अहो, आभार कसले? उद्या कळवा मात्र," ओरिसियाबाई म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारी शस्त्रक्रिया नीट झाल्याचा निरोप आला. ऑर्विलने आधी लोर्नाला मिठी मारली आणि मग डॉफिनला कळवलं. रिसीव्हर ठेवतोय तोच घंटी वाजली.

"थोरकेलसन साहेब का?" एक तरणा आवाज अदबीने म्हणाला. "मी दुकानाच्या दुरुस्ती विभागातून बोलतोय. हुमेन्युकबाईंनी तुमचा नंबर दिला. साहेब, त्या कॅमेऱ्याच्या आमच्याकडे चौतीस तक्रारी आल्यात. सगळ्यांची चित्रं उलटी. तुम्ही ते सरळ कसं केलंत, जरा समजावून सांगाल का?"

ऑर्विलने शांतपणे ऐकून घेतलं, रिसीव्हरवर हात ठेवला आणि स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली, "लोर्ना, तुझा फोन आहे."