मीठ मागणारा किसनराव

किसनराव ज्याच्या घरी जेवायला बसतो, त्या घरातल्या भाजीत हमखास मीठ कमी निघतं. त्याच पातेल्यातली भाजी शेजारी बसून मी खातो, शेषराव खातो. आम्हाला ती व्यवस्थित लागते. पण पहिला घास गिळायच्या आत किसनराव जाहीर करतो, "भाजीत मीठ कमी पडून राहिलं बघा." फुकट जेवणारा माणूस एवढ्या अधिकारानं बोलताना मी दुसरा पाहिलेला नाही.

साखऱ्याचा किसनराव शेती करतो, शेषरावचं हिंगोलीत औषधांचं दुकान आहे आणि मी निवृत्त मास्तर. तिघं एका बाकावरचे. दोन वर्षांपूर्वी किसनरावचा एकुलता एक मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. घरात किसनराव, त्याची बायको, सून राधा आणि चार वर्षांचा नातू राहिले. तेव्हापासून हा बडबड्या माणूस तोंडच उघडेनासा झाला होता. म्हणून दिवाळीनंतर त्यानं स्वतः फोन करून सायकलवर वेरूळला जायची टूम काढली, तेव्हा माझे गुडघे आणि शेषरावची बायको या दोघांचा विरोध असतानाही आम्ही निघालो. आमचा जुना किसनराव परत मिळावा, एवढीच अपेक्षा होती.

मिळाला. जरा जास्तच मिळाला.

चार दिवसांत वेरूळ, असा शेषरावचा आराखडा होता. त्यानं गियरची सायकल घेतली होती आणि तिला शोभेल अशी अंगाला चिकटणारी अर्धी चड्डी. पहिल्याच गावात एका म्हाताऱ्यानं त्याला काळजीनं विचारलं, की पाव्हणं, कपडे कुठं चोरीला गेले. किसनराव मात्र पायजमा, टोपी आणि कॅरियरवाल्या जुन्या सायकलवर. मी मागं पडलो की तो ओरडायचा, "सर, पायडल मारून राहिले का हजेरी घेऊन राहिले?"

हिंगोलीहून औंढ्याला सरळ रस्ता जातो. किसनरावनं आम्हाला नरसीवरून नेलं, कारण तिथं त्याच्या चुलत आत्याच्या दिराचं घर होतं. तिथं जेवलो. मग वाटेतल्या एका चहावाल्याला त्यानं गाव, आडनाव, मामाचं गाव असं विचारत विचारत आपल्या साडूच्या भावकीत बसवलं आणि त्याच्या घरी धपाटे खाल्ले. एका तांड्यावर तर काहीच जुळेना, तेव्हा तिथल्या कोणाच्या आजोबांनी ह्याच्या आजोबांना गोऱ्हा विकला होता, हे नातं पुरलं. नातं जुळलं की "बराबर, म्हणजे आपलेच" असं म्हणून तो सायकल स्टँडवर लावायचा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही सहा घरी जेवलो होतो आणि अजून जिल्हा ओलांडला नव्हता. पुढच्या खेपेला डोक्यावर हेल्मेटऐवजी ताट बांधून निघू, असं शेषराव म्हणाला.

आणि प्रत्येक घरी मीठ कमी. नरसीला तर हे ऐकताच यजमान आतल्या बाईवर असा खेकसला, की आम्हाला मान वर करवेना. किसनरावनं मात्र भराभर जेवण उरकलं आणि चहासाठीसुद्धा न थांबता सायकल काढली. लोकांच्या घरी जाऊन बायाबापड्यांना बोलणी खायला लावतोस, लाज वाटत नाही का, असं मी रस्त्यात त्याला चांगलं सुनावलं. त्यानं पायडल जोरात मारलं.

त्या दुपारी आम्ही औंढ्याच्या अलीकडं एका शेतकऱ्याच्या ओसरीवर बसलो होतो. नातं नेहमीसारखंच लांबचं. किसनरावनं मीठ कमी असल्याचं सांगितलं. यजमानांचा मुलगा, तिशीतला, बायको आजारात गमावलेला, उठला, आत गेला आणि मीठ घेऊन आला. "आई, तू बस, मी वाढतो," एवढंच तो आत म्हणाल्याचं ऐकू आलं. किसनरावनं दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

जेवण झाल्यावर तो यजमानांशी गोठ्याकडं बराच वेळ बोलत उभा होता. मग यजमान एकटेच माझ्याकडं आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, तुमी शिकलेले माणूस, खरं सांगा. सासराच सुनेचं लग्न लावायला निघाला म्हणजे पोरीत काही खोट तर न्हाई ना?"

मला क्षणभर काही कळलं नाही. मग सगळंच कळलं. दोन दिवस मी ज्याला खादाड म्हणत होतो, तो आपल्या विधवा सुनेसाठी घर बघत हिंडत होता.

"पोरीत खोट न्हाई," मी म्हणालो. "सासराच तसा आहे."

रस्त्याला लागल्यावर मी शेषरावला सांगितलं आणि आम्ही दोघांनी किसनरावला एका बाभळीखाली अडवलं. आम्हाला आधी का सांगितलं नाहीस, यावर त्याचं म्हणणं असं, की गावात कुजबुज झाली असती आणि पोरीला तोंड दाखवणं जड गेलं असतं. राधा आधी तयारच नव्हती. तुमचं कोण पाहील, म्हणायची. शेवटी तिनं एवढंच सांगितलं, की बाबा, माणूस तुमीच पारखून आणा.

"आता माणूस कसा पारखायचा?" किसनराव म्हणाला. "पाव्हण्यासमोर समदेच गोड बोलतात. पण मीठ कमी म्हणलं की घरातल्या बाईला कसा बोलतो, ते लगेच दिसतं. आज दिसलं."

मला माझीच लाज वाटली. माझ्या घरी मीठ कमी पडतं तेव्हा मी कसा बोलतो, तेही आठवलं.

"अन् नातू?" शेषरावनं विचारलं.

"तो आईसंग जाईल. लेकराला आईपासून तोडायचं न्हाई."

नातं काढताना एकदाही न अडखळणाऱ्या ह्या माणसाला पुढचं वाक्य जुळवता येईना.

"घरात मग आमी दोघंच. लेकरू बी जाणार, हे अजून त्याच्या आजीला सांगितलं न्हाई. मला एकट्याला सांगणं व्हणार न्हाई, सर. तुमी दोघं संगं चला."

शेषरावनं आपली महागडी सायकल उलटी फिरवली आणि आम्ही त्याच्या मागोमाग साखऱ्याकडं निघालो.